महागू उर्फ

बाबा वारले तेव्हा ते सात जण होते.

हे आम्हाला नंतर कळलं. घाटावर नेताना एकच दिसत होते, आणि खांदेकऱ्यांनाही वजन एकाचंच लागलं. कोणी तक्रार केली नाही.

बाबा, म्हणजे महागू खोब्रागडे, लालबर्रा रोडवरच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर, सरकारी चौकीदार होते. पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं आणि मधल्या वेळात पाण्याकडे पाहायचं, एवढी नोकरी त्यांनी एकतीस वर्षं केली. दोन हजार एकच्या नऊ मार्चला सकाळी गेटाजवळच्या ओट्यावर ते बसल्या बसल्याच गेले. पाणी चालू होतं. शेतकऱ्यांना वाटलं, चौकीदार बघून राह्यले. दोन तास सगळ्यांनी आपापल्या पाळीप्रमाणे, न भांडता पाणी घेतलं. मेल्यावरही दोन तास ड्यूटी करणारा दुसरा माणूस खात्यात झाला नसेल, पण सेवापुस्तिकेत तसा रकाना नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे एक कंप्यूटर होता. चार वर्षं शिकवण्या घेऊन, कोणापुढे हात न पसरता तो मी घेतला होता. गोंदियाहून छोट्या लाइनीच्या गाडीत मॉनिटर मांडीवर धरून आणला. समोरच्या बाईने विचारलं, "इसमें कौन-कौन से सीरियल आते हैं?" मी म्हटलं, अभी तय नहीं हुआ. ते खरं होतं. स्वतः सॉफ्टवेअर बनवायचं, विकायचं आणि त्यावर जगायचं, हे पक्कं होतं. कशाचं सॉफ्टवेअर, तेवढंच राहिलं होतं.

बाबांचं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, आईने विषय काढला.

"धम्मू, बाबाच्या जागेवर तुले घेतीन मनतात. अनुकंपा का काय."

"मले धंदा करायचा हाय, आई."

"कायचा?"

"थेच तं ठरवून राह्यलो."

माझी आई रुख्माबाई शाळेत गेली नव्हती, त्यामुळे तिला निर्णय घ्यायला वेळ लागत नसे. "एक साल देतो तुले. बाबाचं साल होयपावतर ठरव. अन मले समजन असा धंदा सांग. मले नाही समजला, तं नहरावर जाऊन बस."

अनुकंपेचा अर्ज मात्र तिने त्याच आठवड्यात भरायला लावला. अर्ज एका बाजूने चालत राहणार, मी दुसऱ्या बाजूने. आधी कोण पोचतं ते बघायचं.

माझा मित्र केदार मदतीला होता. त्याचे वडील, आजोबा आणि पणजोबा सरकारी नोकरीत होते, म्हणून त्याला धंद्यातलं फार कळत असे. त्याने वही घातली. प्रत्येक कल्पनेला शंभरपैकी गुण द्यायचे, पस्तिसाला पास. "बघ बे," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या पैशावर धंदा करणारा तीनदा चुकू शकतो. तू एकदा पण नाही. तुझ्याजवळ एकाच कल्पनेपुरता दम आहे."

पहिली कल्पना कुंडली जुळवण्याची. आमच्या घरात कुंडली कोणाचीच नव्हती. उत्तर बरोबर आलं की चूक, हे तपासायचं कशावर? बारा गुण. मग कटंगीच्या बसगाड्यांचं टाइमटेबल. तो प्रोग्रॅम दोन दिवसांत झाला आणि अगदी अचूक होता. बस तेवढी नव्हती. मग राइस मिलसाठी धानाचा ओलेपणा सांगणारा प्रोग्रॅम. लालबर्र्याच्या मिलवाल्याने माझं सगळं ऐकून घेतलं, एक दाणा उचलून दाताखाली धरला, कट् केलं आणि ओलेपणा सांगितला. माझ्या कंप्यूटरला दात नव्हते.

प्रत्येक वेळी मी आईला येऊन सांगायचो.

"समजलं?"

"नाही."

असे नऊ महिने गेले. डिसेंबरात अर्ज परत आला. आमचा मुलूख हद्दीपलीकडच्या हिंदी राज्यात, म्हणून वर लाल शाईत हिंदीत लिहिलं होतं, नामों में भिन्नता.

आम्ही सात कागद जोडले होते. आई-बाबांच्या लग्नपत्रिकेतले महागू खोब्रागडे सेवापुस्तिकेत महंगू खोबरागड़े होते. रेशनकार्डावर मंगू. मतदार यादीत महागू कोबरागड़े, म्हणजे निवडणुकीला बाबा फणा काढून जात होते. पासबुकात महगू खोब्रागढ़े. घरपट्टीवर महागु खुबरागड़े. आणि पहिलीच्या रजिस्टरची जी नक्कल जन्मतारखेसाठी काढली होती, तिच्यात तर सरळ वसंता.

खात्यातला बाबू वाईट नव्हता. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "माताजी, पहले यह तय हो जाए कि आप किसकी विधवा हैं."

आई बाहेर येऊन पायरीवर बसली. कपाळ तिने नऊ महिने मोकळं ठेवलं होतं, बांगड्या काढून ठेवल्या होत्या. कागदांच्या मते अजून ते कशासाठी, हेच ठरलेलं नव्हतं. रेशनकार्डावरचे मंगू तर जिवंतच होते आणि दर महिन्याला साखर उचलत होते.

"एकाचंच जेवन करता करता जनम गेला," ती म्हणाली. "बाकीचे सहा कुठी जेवत होते?"

मी हसलो नाही. तीही नाही.

शपथपत्र लागणार होतं. कचेरीसमोर कडुनिंबाखाली प्रेमलाल नावाचे टायपिस्ट हिंदी टाइपरायटर घेऊन बसत. त्यांना आजवर कधी घाईत कोणी पाहिलं नव्हतं.

"बैठो धरमपाल."

"धम्मपाल."

"वही."

त्यांनी टाइप केलं, महागू उर्फ महंगू, दोनों एक ही व्यक्ति के नाम हैं. ते घेऊन गेलो. बाबू म्हणाला, मंगूचं काय? पुन्हा कडुनिंब, पुन्हा नवं शपथपत्र. मग कोबरा निघाला. तीन दिवस मी तिथे बसलो. त्या तीन दिवसांत अकरा माणसं आली, त्यातली नऊ माझ्यासारखीच होती. लालबर्र्याहून आलेल्या लीलाबाई लिल्लाबाई उर्फ लीलावती होत्या आणि त्यांची ही चौथी खेप होती. त्या आता डबा घेऊनच येत. सगळ्यांच्या घरी मराठी, कागद हिंदीत, आणि मधे कोणीतरी कानाने ऐकून लिहिणारा. दर वेळी एक उर्फ सुटायचा आणि माणूस परत यायचा.

तिथे मला माझी कल्पना सापडली. वहीत गुण द्यायलाही थांबलो नाही.

नाव टाकायचं. ते नाव इथला लिहिणारा किती प्रकारे बिघडवू शकतो, ते सगळे प्रकार मशीन काढणार. ते आपल्या कागदांशी लावून बघायचे, आणि सगळे उर्फ एकाच शपथपत्रात. माणसाने एकदाच यायचं. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं 'उर्फ'.

प्रेमलालनी शांतपणे ऐकलं. "बेटा, आदमी एक बार में निपट गया तो दोबारा कौन आएगा? मेरा तो धंधा ही दूसरा नाम है."

मी दुसऱ्या दिवशी त्यांचंच नाव मशीनमध्ये टाकून कागद आणला. छत्तीस नावं होती. ते चष्मा लावून एकेकावर बोट ठेवत गेले. एकोणिसाव्यावर बोट थांबलं.

"पिरमलाल," ते हळूच म्हणाले. "इसी में मेरा प्लॉट अटका है. ग्यारह साल से."

नंतर त्यांनी टाइपरायटर डावीकडे सरकवला. टेबलावर एका मॉनिटरएवढी जागा झाली.

आता आई उरली होती. जानेवारीतल्या एका दुपारी लाइट आली तशी मी तिला कंप्यूटरसमोर बसवलं. केदारही होता. मी 'महागू खोब्रागडे' टाकलं आणि निघालेली एकेचाळीस नावं मोठ्याने वाचली. आई डोळे मिटून ऐकत होती, वंदनेला बसावं तशी. सातातले सहा कागद जुळले.

"सातवा सोडून देऊ," मी म्हटलं. "वसंता. थे शाळेची गलती हाय. कोन्या दुसऱ्या पोराचं नाव लिवलं त्याईनं."

आईने डोळे उघडले. मग म्हणाली, "गलती नाही थे."

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो.

"तुया बाबाच्या अगुदर दोन पोरं झाली अन गेली. हा झाला तं नजर लागू नये मनून सासूबाईनं चारचौघात महागू नाव ठेवलं. महाग पडला मनून. अन घरात, कोनी नसलं का, वसंता मने. शाळेत मास्तरनं पुसलं, घरी काय मनतात? यानं सांगून देल्लं. मंग सासूबाईनं मारलं त्याले. शाळा तिथंच सुटली."

"तुले कोनं सांगतलं?"

"थेईनंच. लग्न झाल्यावर. मनत, कोनी नसलं का मले त्या नावानं हाक मार."

"मंग?"

"नाही मारली." ती पडद्याकडे बघत होती. "नवऱ्याचं नाव कसं घ्याचं? एकतीस साल थे रोज सांजच्याले येऊन दाराशी थांबत. मले मालूम होतं, कायले थांबतात थे."

लाइट जायची वेळ झाली होती. मॉनिटर एकदा फडफडला.

"वसंता," आई म्हणाली.

तिने ते फक्त एकदाच म्हटलं, आणि कोणाला हाक मारावी तितक्याच आवाजात. मी टाइप केलं. मशीनला ते कुठून आलं हे कळलं नाही, पण त्याने घेतलं.

केदार खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "काकू, पण हे मशीनला कसं काढता येणार? याचा काही फॉर्म्युला नाही ना."

"मनून तं हा तिथं बसन," आई म्हणाली. "मशीन लिवन. हा पुसन. समजलं मले."

त्याच दिवशी मी प्रोग्रॅम बदलला. आता पडद्यावर सगळ्यात आधी एकच प्रश्न येतो : घरी काय म्हणत?

सात नावांचं शपथपत्र एका खेपेत मंजूर झालं. आई एकाच माणसाची विधवा ठरली. त्या दिवशी तिने मंगूंचं नाव रेशनकार्डावरून काढायला लावलं आणि घरी येऊन जेवली नाही.

नावं जुळल्यामुळे अडलेला अर्जही सुटला. सहा मार्चला माझ्या नेमणुकीचं पत्र आलं. माझ्या धंद्याचं पहिलं यश हे, की मला नोकरी लागली.

बाबांचं साल नऊ तारखेला झालं. नातेवाइकांनी खीर खाता खाता एकमताने सांगितलं, सरकारी आहे, सोडू नको. झाडाखाली टेबल टाकून कोणाचं भलं झालं आहे? आई ऐकत होती. सरकारी या शब्दाला ती घाबरत होती, हे मला दिसत होतं. ती एकतीस वर्षं त्याच शब्दावर जगली होती. मी खीर वाढत राहिलो. वर्षाची मुदत तिची होती, आणि तिने आता फिरवलं असतं तर मी नहरावर गेलोही असतो.

सगळे गेल्यावर तिने पत्र माझ्या हातात दिलं. "वाच."

मी वाचलं, "श्री धर्मपाल कोबरागड़े..."

"थांब. हा कोन?"

"मीच."

"धर्मपाल?"

"हौ. असंच लिवतात थे."

आईने पत्र परत घेतलं. आडवं धरलं, उभं धरलं. वाचता येत नसल्याने तिला ते दोन्हीकडून सारखंच दिसलं असणार. बाबांच्या फोटोकडे तिने पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं, तेही क्षणभरच.

"मंग त्यालेच जाऊ दे नहरावर," ती म्हणाली.

नोकरी नको, हे कळवायलाही शपथपत्र लागतं. दुसऱ्या दिवशी आई स्वतः माझ्यासोबत कडुनिंबाखाली आली. प्रेमलालनी कागद चढवला.

"हां माताजी, लड़के का नाम? धरमपाल?"

"लिवा, धम्मपाल," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "उर्फ धम्मू. घरी धम्मू मनतो आमी."