चौतीस इंच की तीस

"डोळे मिटा, तांबेसाहेब. बंदूक खांद्याला लावा. हं, आता उघडा."

शशिधरने डोळे उघडले. नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी इतकी काळीभोर आणि रेखीव त्याला कित्येक वर्षांत दिसली नव्हती. फक्त ती जागेवर ठरत नव्हती. भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्याभोवती तिच्या बारीक घिरट्या चालल्या होत्या.

त्याने बंदूक झटकन खाली घेतली. "दस्ता खांद्यावरून निसटतोय जरा," तो म्हणाला.

"दस्ता?" वाइलरने भुवया उंचावल्या. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नजवळच्या त्या गावात बंदुका घडवणारा तो एकटाच उरला होता. "तो तर तुमच्याच खांद्याच्या मापाचा आहे. बरं, घ्या दमाने."

रायफल जुन्या घडणीची होती. प्रत्येक गोळीला नवं काडतूस भरायचं, त्यात काळी दारू, बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट. गावच्या नेमबाजी मंडळात शशिधर तीस वर्षं मंडळाचीच बंदूक वापरत आला होता. ही त्याची स्वतःची, निवृत्तीनंतरची. नळी चौतीस इंचांची आली होती. ती तशीच ठेवायची की कापून तीसवर आणायची, हे आज ठरायचं होतं. वाइलर उद्यापासून सुट्टीवर जाणार होता.

पंपांच्या कारखान्यात मापं तपासण्यात शशिधरचा जन्म गेला होता. त्याने सगळा हिशेब करून पाहिला होता. चार इंचांनी गोळीच्या वेगात पडणारा फरक सोडून देण्याजोगा होता. प्रश्न डोळ्याचा आणि हाताचा होता. नळी लांब असली की माशी डोळ्यापासून दूर जाते आणि म्हाताऱ्या डोळ्याला नीट दिसते. पण टोकाचं वजन वाढतं, आणि उभ्याने नेम धरताना ते सगळं डाव्या हातावर येतं.

डाव्या हाताचं काय, हे मात्र त्याने हिशेबात धरलंच नव्हतं.

हिवाळ्यापासून तो हात थरथरत होता. घरात तो खिशात असे. मंगळवारी न्यूरोलॉजिस्टचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ठरलेला होता. बायकोला, मालविकाला, त्याने चष्म्याचा म्हणून सांगितलं होतं आणि मनातून तो रद्दच करायचं ठरवलं होतं. दुखण्याला एकदा नाव मिळालं की परवाना देणारं ऑफिस डॉक्टरचा दाखला मागणार, आणि मग बंदूकच जायची. मंडळात उभ्याने मारणारा तोच खरा नेमबाज. जमिनीवर बसून, फुलीसारख्या बांधलेल्या काठ्यांवर नळी टेकवून मारणाऱ्यांना 'आजोबांची पंगत' म्हणत. ते नाव शशिधरनेच पाडलं होतं.

"पुन्हा एकदा," वाइलर म्हणाला.

शशिधरने बंदूक उचलली. कपाळावर घाम आला. श्वास रोखला तर घिरट्या वाढल्याच.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मालविका बसली होती. इथून पुढे बाजारहाट करायची म्हणून आली होती. ती मराठीत म्हणाली, "अहो, नेम धरताय की आरती ओवाळताय?"

आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता थांबली.

"दस्ता निसटतोय म्हटलं ना," शशिधर तिच्याकडे न बघता म्हणाला.

"दस्ताच का? आणि परवा चहा बशीत सांडला, तेव्हा काय निसटत होतं?"

"मालविका, इथे नको."

"मग कुठे? घरी तर हात खिशातून बाहेर येत नाही तुमचा."

वाइलरला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला असावा. तो पाठ फिरवून नळ्या बदलू लागला. नमुन्याची तीस इंची नळी बसवून त्याने बंदूक पुढे केली. ती हलकी होती. घिरट्या लहान झाल्या, थांबल्या नाहीत, आणि माशी पाण्यात बुडाल्यासारखी पुसट झाली.

"हातात ही बरी बसतेय," वाइलर म्हणाला. "आल्झो, म्हणजे तीस? करू खूण?"

शेगड्याच्या लोखंडी पकडीत अडकवलेल्या लांब नळीवर त्याने खडू टेकवला. कापलेलं पोलाद परत जोडता येत नाही. आज तीस. पुढच्या हिवाळ्यात अठ्ठावीस. हात थकत जाईल तशी नळी छाटत जायची, आणि दर वेळी दस्त्याला दोष द्यायचा.

"थांबा," तो म्हणाला. "चौतीसच राहू दे. मी बसून मारेन."

"तुम्ही?" वाइलरला हसू आवरेना. "आजोबांच्या पंगतीत?"

बंदूक ठेवताच खिशात गेलेला डावा हात शशिधरने बाहेर काढून त्याच्यासमोर धरला.

वाइलरचं हसू मावळलं.

"कशाने होतंय ते मंगळवारी कळेल," शशिधर म्हणाला. "डॉक्टर नको म्हणाले, तर बंदूक तुमच्याकडेच राहू दे. दुसऱ्या कुणाला द्या."

"गेनाऊ, बरोबर," वाइलर हळू म्हणाला. त्याने खडू खाली ठेवला.

"मंगळवारी चष्म्याचा टेर्मिन ना हो?" मालविकाने विचारलं.

"नाही."

"मी येणार आहे."

"ये."

वाइलरने घसा खाकरला. "मग काठ्यांची उंची घ्यायला हवी. बसल्यावर डोळा किती उंचीवर येतो त्यावर ठरते. थांबा, बाकडं आणतो."

"कशाला?" म्हणत शशिधर पोलादाच्या किसात सरळ मांडी घालून बसला. पाठ ताठ. वाइलर बघतच राहिला. मंडळातल्या आजोबांना खाली बसायला दोघांचा आधार लागे.

"मोज रे बाबा लवकर," मालविका मराठीतच पुटपुटली. साडी सावरत ती बाजूला टेकली आणि तिने काठ्यांची फुली दोन्ही हातांनी धरली. लांब नळी परत बसवलेली रिकामी बंदूक त्यावर विसावली.

"वर घेऊ?"

"किंचित. बस्स."

"हात भरून येतोय हो माझा."

"हलू नकोस. माशी ठिपक्यावर आलीय."

वाइलर गुडघे टेकून टेप लावत होता. मालविका श्वास रोखून काठ्या धरून होती. शशिधरचा डावा हात मांडीवर उघडा पडला होता, थरथरत. त्याने तो झाकला नाही.