पानावर उमटलेलं नाव

मुलचेऱ्याकडच्या त्या गावात देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन आठवड्यांत चार लेकरं तापानं फणफणली होती, आणि करणी कोणाची हे म्हणे एक पान सांगणार होतं.

"तीन दिवस हे पान अंधारात समाधीला बसलं," गावात आलेले महाराज डोळे मिटून म्हणाले. "काल सूर्यनारायणानं त्याच्या कानात नाव सांगितलं. आता तीर्थात न्हाऊन ते खरं बोलेल."

पानाला कान कुठे असतात, हे कोणी विचारलं नाही. त्यांनी पांढुरकं पान तांबूस तीर्थात सोडलं. बघता बघता निळी-काळी अक्षरं उमटली: मंगली.

गर्दी म्हाताऱ्या, विधवा मंगलीपासून मागे सरकली. पोलीस पाटील इसरूभाऊंनी सांगून टाकलं, "रविवारपर्यंत बाईनं गाव सोडावं."

तिच्याजवळ एकटी संघप्रिया उभी राहिली. ती डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दुसऱ्यांदा देत होती. सोबतच्या पोरी शिकायला नागपूरला गेल्या होत्या. दुपारी शेजारची मंगलीआजी तेवढी तिच्या पायरीवर येऊन बसायची आणि ती मोठ्यानं वाचत असलेलं प्रकाशसंश्लेषण काही न कळता ऐकायची. संघप्रियाला तीर्थाचा वास आला. दवाखान्यातल्या आयोडीनचा.

"इसरूभाऊ, रविवारी मले बी एक पान दाखवू द्या."

"दाखव. पण पोरी, तू काऊन मधात पडतं?"

ते चार दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही. ती हातपंपावर गेली की बायका पाण्याचे गुंड घेऊन बाजूला व्हायच्या. मंगलीआजीनं दार लावून घेतलं ते उघडलंच नाही.

रविवारी संघप्रियानं सगळ्यांसमोर एक हिरवं पान आधी पाण्यात उकळलं. मग चूल विझवून, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये बुडवलं. हिरवा रंग उतरला. त्यावर पातळ आयोडीन टाकलं. अक्षरं उमटली: इसरू.

पाटलांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुम्ही करणी केली नाई, भाऊ. मी जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवली. पानातला पिठाचा साठा संपला. मंग तुमचं नाव कापलेला काळा कागद पानाले लावला अन् दिवसभर उन्हात ठेवलं."

"अन् अक्षरं?"

"पान उजेडात सूर्याची ताकद पकडते. त्याच ताकदीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर करते. या दुसऱ्या कामाले अंधारातला टप्पा म्हणतात, पण तो रात्रीचा नाई. त्याले थेट उजेड लागत नाई, उजेडात कमावलेली ताकद लागते. मागच्या वर्षी परीक्षेत मी तेच चुकली होती. जिथं ऊन लागलं तिथं साखरेपासून झालेलं पीठ, म्हंजे स्टार्च, साठलं, अन् पिठावर आयोडीन काळंनिळं होते. महाराजांनी बी हेच केलं, बस."

लोकांनी वळून पाहिलं तर महाराज झोळी आवरून रस्त्याला लागले होते. इसरूभाऊंनी लेकरांना दवाखान्यात न्यायला गाडी सांगितली. हळूहळू मैदान रिकामं झालं. मंगलीच्या दाराकडे मात्र कोणी गेलं नाही.

संघप्रिया गेली. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग चार दिवस माह्याशी कोनी बोललं काऊन नाई?"

संघप्रिया पायरीवर तिच्या शेजारी बसली.

पान कोणाचं नाव सांगत नाही. नाव आधीच कोणीतरी कापून ठेवलेलं असतं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो स्वतः करून पाहा. आणि बोट ज्या माणसाकडे वळलं असेल, त्याच्यापासून मागे सरकू नका.