दुपारची तूर

शिवगंगा घागर घेऊन बांधावर आली तोवर तिच्या थोरल्या दिराच्या, बसवंतप्पाच्या कोयत्याखाली तुरीच्या अकरा ओळी आडव्या झाल्या होत्या. ऊन ऐन डोक्यावर होतं. तिनं घागर खाली ठेवली आणि पदर कपाळापर्यंत ओढला. लग्न होऊन बारा वर्षं झाली, पण ती या दिराशी एक शब्द बोलली नव्हती. त्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंडावर बोलायचं नसे. काही सांगायचं तर जावेला सांगायचं, नाहीतर भिंतीकडे बघून.

जाऊ, शांतम्मा, तिथंच पेंढ्या बांधत होती.

"अक्का, ह्यांना म्हणावं, हात थांबवा."

"कामून?" शांतम्मानं मान वर केली नाही. "परवा आमी जनावरं घिऊन भीमेकाठी जायलाव. तिकडं ऱ्हायला खोप घालायची तर तुराट्या लागत्यात. तू मुडबीला माहेरी जा. पाऊस झाला की बोलवू."

बोलवतील, हो! नवरा सोमशेखर तापानं जाऊन दीड वर्ष झालेलं, पोटी मूल नाही, अशा बाईला माहेराहून आणायला कोण जातं? सोमशेखरच्या वाटणीचं हे शेत उभं आहे तोवर या कडगंची गावात आपली चूल आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेत गेलं की चूलही गेली.

भादव्यापासून थेंब नव्हता. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. मागच्या आठवड्यात निजामाचा गिरदावर, पीकपाहणीचा अंमलदार, भर दुपारी आला, घोड्यावरूनच नजर टाकली, "तूर बी गेली" म्हणाला आणि चालता झाला. त्याला तरी काय बोल लावायचा? दुपारची तूर होतीच तशी. पानं मिटलेली, कड उन्हाकडे केलेली, निम्मी खाली गळालेली. बघणाऱ्यानं मेली म्हणावं अशीच.

सोमशेखरला मात्र या तुरीचं भारी कौतुक. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी असाच हंगाम कोरडा गेला, तेव्हा त्यानं तिला भल्या पहाटे शेतात आणलं होतं. "बघ," म्हणाला होता, "दिवसा अंग चोरून बसती. जड झालेली पानं टाकून देती, आन् मूळ खाली सोडती, पुरुषभर. दुपारी बघून हिला मेली म्हणू नगं." त्या आठवणीनं तिला आता रडूच आलं. पण रडत बसली असती तर बारावी ओळ गेली असती.

ती शांतम्मापाशी थांबली नाही. सरळ दिरासमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा."

कोयता हवेतच राहिला. शांतम्माच्या हातातली पेंढी सुटली.

"अण्णा, कापल्या जागी बोट लावून बघा."

बसवंतप्पानं बायकोकडे बघत उत्तर दिलं. "तिला म्हण, मेलेल्यात काय बघायचं?"

"मला म्हणा," शिवगंगा म्हणाली. "मी हितंच उभी हाय."

बसवंतप्पा वाईट माणूस नव्हता. दावणीच्या बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्यापासून त्याला धड झोप नव्हती, एवढंच. तो वाकला, बुडख्यावर अंगठा टेकवला. अंगठा ओला झाला. त्यानं दुसऱ्या बुडख्याला हात लावला, मग तिसऱ्या.

"उद्या उजाडायला या," ती म्हणाली. "तवा बी मेली दिसली तर मीच कापून दीन, आन् मुडबीची वाट धरीन."

उजाडायच्या आधीच तो बांधावर आला. शिवगंगा त्याच्याही आधी येऊन बसली होती. फटफटलं तशी तूर दिसायला लागली. उरलेली सगळी पानं उघडलेली होती, हिरवीगार, आणि शेंड्यांना बारीक पिवळी कळी धरली होती. बसवंतप्पा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. मग कापलेल्या ओळींपाशी जाऊन उकिडवा बसला तो बराच वेळ उठला नाही.

जनावरं घेऊन त्याचा मुलगा लिंगराज एकटाच भीमेकाठी गेला. मुडबीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सगळे पूजेसाठी शेतात गेले. त्या वर्षी कडबा नव्हता, म्हणून कापलेल्या तुराट्यांचीच खोप केली. आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडले. शिवगंगेनं कशीबशी अंबील आणि मिसळभाज्यांची भज्जी केली होती. पूजा झाली. आता अंबील शिंपडत शेताला फेरी घालायची. ती सोमशेखर घालायचा. मागच्या अमावस्येला ती कुणी घातलीच नव्हती.

बसवंतप्पानं अंबिलीचं मडकं उचललं. शांतम्मा शेजारीच होती, पण तो तिच्याकडे वळला नाही.

"शिवगंगा," तो म्हणाला, "सोमू कुठनं सुरू करायचा?"

तिनं आंब्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

तो तिथून निघाला. शेंगा धरलेल्या तुरीवरून अंबील शिंपडत चालला. रिकाम्या अकरा ओळी आल्या तेव्हा आता हा त्या ओलांडून पुढे जाईल असं तिला वाटलं. तो पहिल्या ओळीत शिरला आणि एकेका बुडख्याशी वाकत, मडकं रितं होईपर्यंत शिंपडत राहिला.