इवानबुवाच्या चित्रांतला सहदेव

"हे कोणी खरं मानणार नाही," असं म्हटल्याशिवाय पुंजाजीची गोष्ट सुरूच व्हायची नाही, आणि एकदा म्हटलं की दुसरबीडच्या समाजमंदिरातला एकही माणूस उठायचा नाही. भिंतीवर एका रशियन लेखकाच्या आयुष्याची चित्रं होती. लाल बावट्याचा कोणी कार्यकर्ता कधीकाळी टांगून गेलेला. लेखक टेबलाशी, लेखक सभेत, लेखक बेड्यांत, लेखक बर्फात, लेखक शिपायांच्या बंदुकांपुढं. खालची अक्षरं कोणाला वाचता येत नव्हती, म्हणून पुंजाजीचं फावलं. त्यानं लेखकाचा इवानबुवा केला, आणि इवानबुवानं असं काही लिहिलं की वाचता वाचता राजाची मिशी जळाली.

बर्फातल्या कैद्यांत तोंडाला फडकं बांधलेला एकजण होता. एका रविवारी त्याच्यावर काठी टेकवून पुंजाजी म्हणाला, हा आपला सहदेव. सहदेव म्हणजे तानाबाईचा नवरा. सुरतेला कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. हॉल हसला. चित्र तर शंभर वर्षांचं, असं कोणी म्हणालं, तर पुंजाजी म्हणे बर्फात ठेवलेला माणूस नासत नाही. आणखी हशा. तानाबाई तेवढी हसली नाही. पुढच्या रविवारी ती सगळ्यांआधी येऊन बसली.

मग पुंजाजीला चटकच लागली. दर खेपेला सहदेव एक चित्र पुढं सरके. त्यानं आपली भाकर उपाशी कैद्याला दिली, इवानबुवाचे फटके आपल्या पाठीवर घेतले. लोक खिशात फुटाणे घालून येऊ लागले, चित्रं पाहायला नाही, तानाबाईचं तोंड पाहायला. पुंजाजीला ते कळत होतं, आणि गोडही लागत होतं.

अशात तिच्या मुलाचं, अश्वजितचं, लग्न जुळलं. रोहिणखेडचे सोयरे विचारत होते, पत्रिकेत बापाच्या नावाआधी 'कालकथित' छापायचं, म्हणजे तो वारला असं धरायचं, की नाही. तानाबाई छापू देईना. सोयरीक तुटायला आली, तेव्हा अश्वजितनं पुंजाजीला हॉलमागं गाठलं.

"आबा, तुमीच जित्ता ठेवला त्याले. आज मारून टाका."

पुंजाजीनं मारला. नुसता नाही, थाटात मारला. शिपायांनी बंदुका रोखल्या होत्या त्या चित्रात सहदेवाला इवानबुवाच्या पुढं उभं केलं, छाती उघडी करायला लावली, सगळा बर्फ लाल करून टाकला. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. अश्वजितनं मान खाली घातली. आता तानाबाई हंबरडा फोडणार, म्हणून अख्खा हॉल तिच्याकडं वळला. पुंजाजी तर कधीचाच वळला होता.

ती उठली. पदर खोचला.

"खोटं सांगून राह्यले तुमी, पुंजाजीभाऊ. भाकर दिली म्हणाले, आयकून घेतलं. फटके खाल्ले म्हणाले, तेबी आयकलं. बरं वाटे. पन दुसऱ्यासाठी गोळी खानारा मानूस नव्हता तो. घराले आग लागली तवा हा पोरगा पाळन्यात होता, अन् तो आपली चप्पल घेऊन बाहेर पळाला. असा मानूस मरत नसतो. कुठंतरी पोटभर जेवून राह्यला असन."