चुलाणाजवळ उरलेली बादली

मित्रांनो, मी पाइनच्या लाकडाची बादली आहे. माझे वय मला ठाऊक नाही. कुणाला विचारावे, तर माझ्या बरोबरीची एकही आता उरलेली नाही. सगळ्या जळून गेल्या, आणि ज्या माणसाने त्या घडवल्या त्याच्याच हातून जळाल्या. ही गोष्ट मला नीट सांगता येईल का, याची मला शंका आहे. बादलीला भरणे आणि रिकामे होणे एवढेच येते. तरी प्रयत्न करते.

दूरच्या बर्फाळ मुलखात शोदिएर नदीच्या वरच्या अंगाला मेपलचे, म्हणजे गोडसर रस देणाऱ्या झाडांचे, रान आहे. तिथे तेलेस्फोर नावाच्या माणसाने मला बांधले. तो तेव्हा तरणा होता. फळ्या तो छपराखाली नीट वाळू देई, मग एकेक फळी मांडीवर घेऊन तिच्या कडा अशा तासून काढी की शेजारची फळी तिला चिकटून बसावी. डिंक नाही, खिळा नाही. फळ्यांभोवती नुसती दोन लोखंडी कडी, वरून ठोकत खाली उतरवलेली. मला बांधून झाल्यावर त्याने माझ्यात पाणी भरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याखालची जमीन हाताने चाचपून पाहिली. ती कोरडी होती. तो बायकोला म्हणाला, "ही काही आपल्या हयातीत खिळखिळी होत नाही." मला फार बरे वाटले. आता वाटते, त्याने एखादी कड जरा वेडीवाकडी तासली असती तर बरे झाले असते.

कामाची वर्षे चांगली गेली. हिवाळा सरताना रात्री गोठवणाऱ्या असल्या आणि दिवसा ऊन पडू लागले, की झाडाला भोक पाडून तोटी ठोकायची आणि तोटीला आम्हांला अडकवायचे. रस थेंब थेंब पडे. तो पाण्यासारखा पातळ असतो, गोडी नावालाच. तो घोड्याच्या घसरगाडीवरून गुऱ्हाळात न्यायचा, काहिलीत ओतायचा आणि खाली लाकडे जाळून दिवसभर उकळायचा, तेव्हा कुठे थोडासा पाक हाती लागतो. रस साठवून ठेवला तर आंबतो. म्हणून तिथे सगळी घाई असते ती सकाळी चुलाण पेटवण्याची.

पुढे तेलेस्फोरच्या मुलाने, आदेलारने, पत्र्याच्या बादल्या आणल्या. त्या हलक्या होत्या आणि चटकन धुतल्या जात. लाकडाच्या फटींत रस राहून आंबतो असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. आम्हांला गुऱ्हाळाच्या माळ्यावर पालथे रचून ठेवले. तिथून चुलाण, काहील आणि येणारीजाणारी माणसे दिसत. एवढेच आमचे जग उरले.

माळ्यावरूनच मी तेलेस्फोरला म्हातारा होताना पाहिले. त्याची बायको गेली. बोटांची पेरे सुजून लाकडाच्या गाठींसारखी झाली. एके वर्षी, रस सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, काहील घासताना आदेलार त्याला म्हणाला, "बाबा, स्पष्टच बोलतो. मी गाईंच्या धारा काढून येईपर्यंत काहील उकळत असली पाहिजे. तेवढं एक काम तुमचं. ते होत असेल तर घरी राहा."

"आणि नाही झालं तर?"

"खाली शहरात मठातल्या सिस्टर म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. वाईट नाही तिथे."

सून देलिमा झाडत होती. ती म्हणाली, "मामंजी, मनाला लावून घेऊ नका. हात चालतात तोवर माणूस माणसांत. नंतर काय, जेवायला घालायची आणखी एक खुर्ची."

"माझे हात चालतात," तेलेस्फोर म्हणाला.

आग लवकर कशी धरायची हे त्याला कुणी शिकवायला नको होते. रस आधी काहिलीत घालायचा, नाहीतर बूड करपते. मग मूठभर पेटता पेंढा धुराड्याच्या तोंडाशी धरायचा, म्हणजे आतली गार हवा वर सरकते आणि धूर उलटा येत नाही. खाली भूर्जाची साल, तिच्यावर बोटाएवढ्या ढलप्या आडव्या-उभ्या, त्यांवर मनगटाएवढी लाकडे, आणि दार किंचित किलकिले. साल ओली असली तरी जळते. पण ढलप्या कोरड्या लागतात आणि बारीक फोडाव्या लागतात. तिथेच अडले. आदेलारने शरद ऋतूत लाकडांच्या राशीवर काही झाकले नव्हते, त्यामुळे लाकूड आतपर्यंत भिजलेले होते. ते बारीक फोडायला कुऱ्हाड घट्ट धरावी लागते, आणि तेलेस्फोरच्या हातातून ती निसटत होती.

पहिल्या दिवशी साल भुरभुर जळून गेली आणि लाकडे नुसती फुसफुसत राहिली. तो गुडघ्यांवर बसून फुंकत होता. मग त्याने मान वर केली. त्याने माळ्याकडे पाहिले तेव्हा मला वाटले, आठवण आली असेल आमची.

त्याने एक बादली खाली नेली. कुऱ्हाडीच्या पाठीने दोन ठोके घातल्यावर कडी निघाली आणि फळ्या त्याच्या पायांशी ढासळल्या. वर्षानुवर्षे छपराखाली वाळलेल्या त्या पातळ फळ्यांत जुना रस मुरलेला होता. त्या अशा पेटल्या की चुलाण घुमू लागले. आदेलार आला तेव्हा काहिलीवर फेस चढत होता, आणि फेस उतू जाऊ नये म्हणून वर टांगलेल्या खारवलेल्या चरबीच्या तुकड्याला लागून तो खाली बसत होता.

"म्हाताऱ्याला अजून जमतंय की," आदेलार म्हणाला.

तेलेस्फोर त्या दिवशी सूप पिताना गुणगुणत होता.

त्यानंतर रोज सकाळी एक. आधी कुजक्या गेल्या, मग फुटक्या, मग चांगल्या. तो शिडीवर चढे आणि म्हणे, "चला बायांनो, आज कुणाची पाळी?" कडी तो मागच्या बाजूला बर्फात पुरून टाकी. मित्रांनो, आम्ही घाबरलो होतो का, असे तुम्ही विचाराल. घाबरलो होतो. पण त्याहून अधिक आम्ही त्याच्या बाजूच्या होतो.

बर्फ वितळू लागला तशी कडी वर आली. देलिमाला ती सापडली. ती दारात उभी राहून हसली.

"मामंजी, बादल्या जाळताय होय? आणि मी आपली शेजारीपाजारी सांगत सुटले, आमच्या मामंजींच्या हातात जादू आहे म्हणून."

तेलेस्फोर चुलाणाचे दार लावू लागला.

"ह्यांना नाही सांगत मी. घाबरू नका." तिने माळ्याकडे मान वर केली. "पण किती उरल्यात? ईस्टरपर्यंत पुरतील का?"

त्यानंतर ती रोज एकदा येई, वर पाही आणि परत जाई.

शेवटी मी एकटी उरले. त्या सकाळी गारांचा पाऊस होता आणि रस साठवायची टाकी काठोकाठ भरलेली होती. तेलेस्फोरने मला छातीशी धरून खाली आणले, दगडावर ठेवले आणि ठोका घातला. कडे हलले नाही. त्याने मला पालथे केले आणि पुन्हा ठोकले. माझ्या कडा एकमेकींना इतक्या घट्ट बसलेल्या होत्या की ठोका सगळ्या अंगभर विरून जाई. मी सुटायला तयार होते. खरेच सांगते, मी सुटायचा प्रयत्न केला. पण बादलीला ते आपल्या मनाने करता येत नाही.

तो थांबला आणि धापा टाकत, माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "कसली बांधलीय." मग त्याने मला तशीच सबंध चुलाणात कोंबली आणि खाली साल पेटवली. माझा काठ काळा झाला. बाकी मी पेट धरला नाही.

आदेलार आत आला. त्याने काहिलीत बोट बुडवून पाहिले. रस थंडगार होता. त्याने आकड्याने मला बाहेर ओढून कोपऱ्यात फेकले, कंदिलाचे रॉकेल आणून लाकडांवर शिंपडले आणि काडी टाकली. क्षणात भडका झाला.

"एवढंच काम होतं, बाबा."

"रॉकेलचा वास पाकात उतरतो," तेलेस्फोर म्हणाला.

"बघू की."

दुपारी पाक झाला. देलिमाने तो गरमच बर्फावर ओतला, थिजल्यावर काडीला गुंडाळला आणि सासऱ्यापुढे धरला. "घ्या मामंजी. तुमच्याइतकं कुणाला कळतं? वास येतोय का सांगा."

त्याने चाखले. बराच वेळ तोंडात घोळवले. तो हो म्हणू शकला असता.

"नाही," तो म्हणाला.

"चांगला झालाय ना?"

"चांगला झालाय."

रस संपायच्या आत त्याला मठात पोहोचवायचे ठरले, कारण नंतर रस्ता चिखलाने बंद होतो. गाडीत चढण्यापूर्वी तो आपली टोपी घ्यायला गुऱ्हाळात आला. देलिमा त्याच्या गळ्याला लोकरीची पट्टी गुंडाळत म्हणाली, "तिथे उबेसाठी भिंतीतून वाफेचे नळ फिरवलेत म्हणे. काडीसुद्धा ओढायला नको."

"मग सकाळी मी काय करायचं?" त्याने विचारले.

आदेलारने बाहेरून घोड्याला हाक दिली. देलिमाने टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

मित्रांनो, मी अजून गुऱ्हाळातच आहे. माझा राग कुणावर आहे, हे मला ठरवता आलेले नाही. आता माझ्यात चुलाणाखालची राख भरतात आणि देलिमा ती साबण बनवायला घेऊन जाते. आदेलार घाईत असतो. राखेत निखारे असतात, आणि माझे बूड आतून रोज थोडे थोडे करपत जाते. मला जपा, असे मी म्हणत नाही. कुणाकडून लवकर आग हवी असेल, तर त्याला आधी कोरडे लाकूड द्या. आणि माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल, तर राख निवेपर्यंत थांबत जा.