देवाचा फेरा

पेइ-यीने ट्रकच्या इंजिनाखालून काढलेलं ऑइलचं चेंबर दिव्याखाली धरलं आणि त्याच्या काठावर पोलादी पट्टी टेकवली. प्रत्येक बोल्टच्या भोकापाशी पत्रा ताणून वर उचलला गेला होता, आणि दोन भोकांच्या मधून पट्टीखालून उजेड दिसत होता. उजेड येतो तिथून ऑइलही येणारच.

"सापडलं का काही?" शुई-मू काकांनी विचारलं. बंदरावरून कालवं वाहून नेणारा हा ट्रक त्यांचा.

"बघतेय, काका."

"बघ बाई. तिसरी खेप आहे. आता गळला तर मी मोठ्या गॅरेजात जाणार. तीस वर्षं तुझ्या बापाकडे आलो, पण दारातल्या फरशीवरचे डाग बायको मलाच पुसायला लावते!"

आधीच्या दोन्ही वेळा चेंबर आणि इंजिनामधलं पॅकिंग बाबांनीच बसवलं होतं. बाबांची, म्हणजे किन-हो उस्तादांची, जुनी रीत सगळ्या गल्लीला ठाऊक होती: बोल्ट घट्ट झाला की वर एक फेरा भूमिदेवाच्या नावाने. पूर्वीच्या जाड चेंबरांना तो सोसायचा. ह्या पातळ पत्र्याला तो वाकवत होता. हे बाबांना सांगायचं कसं, तेही गिऱ्हाइकासमोर?

बाबा चहा घेऊन आले. पेला टेबलावर ठेवताना त्यांची नजर पट्टीकडे गेली. त्यांनी चेंबर उचललं, काठावरून अंगठा फिरवला. अंगठा एका भोकापाशी थांबला.

"चहा गार होईल," एवढंच म्हणून ते दाराशी जाऊन बसले.

पेइ-यीने लाकडाच्या ठोकळ्यावर काठ हलकेच ठोकून सपाट केला. जुन्या पॅकिंगचा कणन्‌कण खरवडला, दोन्ही बाजू पुसून कोरड्या केल्या. मग ट्रकखालच्या खड्ड्यात उतरून, नवं पॅकिंग लावून, सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवले. मधून कडेकडे जात, समोरासमोरचे आवळले. ठरलेला ताण आला की तिचा पाना 'टक्' वाजायचा; तिथेच थांबायचं. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट जराही फिरला तर रेघ तुटणार.

ती वर आली तसे काका म्हणाले, "अहो उस्ताद, देवाचा फेरा राहिला की! त्याशिवाय मी गाडी हलवायचा नाही."

बाबांनी खिळ्यावरचा लांब पाना काढला.

"बाबा, मी…"

"सरक."

ते खड्ड्यात उतरले. वरून फक्त त्यांची पाठ दिसत होती. "हं!" एक बोल्ट. "हं!" दुसरा. अठरा वेळा हुंकार देऊन, घाम पुसत बाबा वर आले.

"झालं. आता गळलं तर देवालाच विचार."

"हां, आता कसं!" काका खूश होऊन समोर नूडल्स खायला गेले.

पेइ-यी बॅटरी घेऊन खाली उतरली. पुन्हा सगळं खोलायचं, दुसरं काय! तिने पहिल्या बोल्टवर उजेड टाकला. मग दुसऱ्यावर. एकेक करत ती शेवटपर्यंत गेली.

अठराच्या अठरा रेघा सरळ होत्या. एकही तुटली नव्हती.

तिने बाहीने डोळे पुसले. वरून बाबांचा आवाज आला, "चहा गार झालाच शेवटी. दुसरा ओततोय, ये."