गोळी सगळ्यांनी दिली

ठकीला काही झालं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, मीही लिहिलेलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात आम्हा कोणालाच ते माहीत नव्हतं, मग तुम्हालाच का फुकटचं सुख?

ठकी म्हणजे माझी सहा वर्षांची भाची. तिने सफरचंदात दात रोवले आणि फोडीवर रक्त उमटलं. म्हणून आम्ही सहकुटुंब दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. हिरड्या सुजून लालभडक.

"जीवनसत्त्व कमी पडलं असणार," ताई म्हणाली. "पण मी रोज सकाळी न चुकता गोळी देते हो."

"सकाळी?" भावजी चमकले. "मी संध्याकाळी देतो. तू विसरतेस म्हणून."

"अगं बाई!" आई पुटपुटली. "मी दुपारी देते. तुम्हा दोघांचा काय भरवसा?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी गोळी म्हणजे ठकीने गप्प बसण्याची लाच. तिला ठरलेली वेळ नव्हती.

ताईने पर्समधून गोळ्यांची बाटली काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी तिच्यावरचं बारीक वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "यात 'अ' जीवनसत्त्व आहे. जास्तीचं झालं तर यकृतात साठत जातं. आजच रक्त तपासा."

भावजी मटकन खुर्चीत बसले. खुर्चीत ठकी होती.

"आणि हिरड्या?" ताईचा आवाज फाटला.

"गोळी गोड, चिकट. हिरडीच्या कडेला चिकटून बसते. रात्री हिचे दात कोण घासतं?"

सगळे भिंतीवरचं दाढेचं चित्र मन लावून बघू लागले. गोळी प्रत्येकाने दिली होती. ब्रश मात्र प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडला होता.

अहवाल येईपर्यंत घरात कोणी धड शिंकलंसुद्धा नाही. आई ठकीच्या उशाशी खिळून होती. ताई सारखी तिचं पोट चाचपायची, "दुखतंय का गं?"

"गोळी दिली तर नाही दुखणार," ठकी म्हणायची.

शेवटी फोन आला. भावजींनी नुसतं "बरं, बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. आम्ही गार पडलो. मग ते म्हणाले, "सगळं ठीक आहे." आईने त्यांना उशी फेकून मारली.

हिरड्या सुधारायच्या तर आता रोज रात्री ब्रश. ते काम एकमताने माझ्याकडे आलं. मत द्यायला मी तिथे नव्हतो. ठकी चावते.

सबब विनंती की, अर्जदाराचे बोट आत असताना मिटू नये, असा आदेश सदर जबड्यास तातडीने व्हावा. आणि आजवर चावले गेलेले बोट कर्तव्यावर असताना जखमी झाल्याचे धरून त्यास भरपगारी रजा मंजूर व्हावी.